व्यक्तिचित्रावर अभिप्राय देताना

काही वर्षांपूर्वी हौशी छायाचित्रकारांच्या एका मासिक बैठकीचे वृत्त घेण्यासाठी जाण्याचा योग आला. सभासदांनी आणलेली छायाचित्रे एकामागून एक पडद्यावर दाखवायची आणि उपस्थितांनी त्यांवर मते मांडायची, असा तेथील शिरस्ता. महाविद्यालयात शिकणाऱ्या एका मुलीने आपल्या आजीचे छायाचित्र आणले होते. ते आजीचे आहे, हे मात्र तिने सांगितले नव्हते. स्वयंपाकघराच्या खिडकीला पाठ करून बसलेली, तोंडात एकही दात नसलेली, मनमोकळे हसणारी एक वृद्धा. 'आजीबाईंना आधी कवळी लावायला सांगायची होती,' असे मागच्या रांगेतून कोणीतरी म्हणाले आणि सभागृहात हशा पिकला. त्यानंतर दोघांनी 'छान', 'सुरेख टिपलंय' असे सांगितले. पडद्यावर पुढचे छायाचित्र आले. बैठक संपल्यावर ती मुलगी जिन्यात भेटली. तिला जाणून घ्यायचे होते ते इतकेच, की मागची खिडकी पांढरीफटक का आली आणि आजीचा चेहरा अंधारात का गेला? त्याचे उत्तर तिला कोणीही दिले नव्हते.

आज प्रत्येकाच्या खिशात कॅमेरा आहे आणि छायाचित्रांवर मत देणे हा जवळपास नित्यकर्माचा भाग झाला आहे. परंतु उपयोगी पडेल असे मत देणे ही वेगळी कला असून तिचे काही संकेत आहेत. निसर्गचित्र वाईट म्हटले तर सह्याद्रीला काही वाटत नाही. व्यक्तिचित्राच्या बाबतीत मात्र छायाचित्रकार आणि प्रेक्षक यांच्या जोडीला तिसरी व्यक्ती असते, ती म्हणजे कॅमेऱ्यासमोर बसलेली. बहुधा ती चर्चेच्या वेळी हजर नसते. तिचे नाक, रंग, वय वा बांधा यांवर शेरा मारणे सोपे असते. छायाचित्रकाराला मात्र त्यातून काहीच हाती लागत नाही, कारण यांतील कोणतीही गोष्ट त्याच्या हातात नव्हती. त्याच्या हातात होते ते उभे राहण्याचे ठिकाण, प्रकाशाची दिशा, लेन्स, चौकट आणि बटण दाबण्याचा क्षण. अभिप्रायाचा विषय या पाच गोष्टी होत.

आधी वर्णन, मग मत

अमेरिकेतील कलाशिक्षक टेरी बॅरेट यांनी १९९० मध्ये प्रसिद्ध केलेल्या छायाचित्र-समीक्षेवरील पुस्तकात समीक्षेची चार अंगे सांगितली आहेत : वर्णन, अर्थनिर्णय, मूल्यमापन आणि सिद्धान्त. मासिक बैठकीपुरते सिद्धान्ताचे अंग बाजूला ठेवले तरी चालेल. उरलेल्या तिन्हींचा क्रम मात्र महत्त्वाचा आहे. आपल्याकडे बहुतेक वेळा थेट मूल्यमापनापासूनच सुरुवात होते, 'जमलंय' किंवा 'जमलं नाही'.

वर्णन करणे हे बाळबोध काम वाटते, तरीही ते करून पाहावे. 'प्रकाश मागच्या खिडकीतून येतो आहे. चेहऱ्याची आपल्याकडची बाजू सावलीत आहे. नजर कॅमेऱ्याकडे नसून उजवीकडे कोणाकडे तरी आहे. हात चौकटीबाहेर राहिले आहेत.' एवढी चार वाक्ये मोठ्याने उच्चारली की दोन गोष्टी घडतात. एक तर आपण छायाचित्र खरोखर पाहिले, अशी समोरच्याची खात्री पटते. दुसरे म्हणजे, त्याला जे दाखवायचे होते ते आणि पाहणाऱ्याला दिसले ते, यांतील अंतर त्याचे त्यालाच कळू लागते. पुष्कळदा पुढे काही सांगण्याची गरजच पडत नाही.

यानंतर हेतू विचारावा. हेतू न विचारता नियम लावल्याने काय होते, याचा एक जुना दाखला ज्युलिया मार्गारेट कॅमेरॉन यांचा आहे. १८१५ मध्ये कलकत्त्यात जन्मलेल्या या बाईंना १८६३ मध्ये, वयाच्या ४८ व्या वर्षी, मुलीने व जावयाने कॅमेरा भेट दिला. इंग्लंडच्या आईल ऑफ वाइट बेटावर राहत असताना त्यांनी टेनिसन, डार्विन, खगोलशास्त्रज्ञ जॉन हर्शेल आदींची व्यक्तिचित्रे काढली. ती मुद्दाम मृदू, किंचित अस्पष्ट ठेवलेली असत. तत्कालीन छायाचित्रण नियतकालिकांनी 'फोकस नाही, काचेवर डाग आहेत' म्हणून त्यांना झोडपून काढले. योग्य फोकस कोणता हे ठरविण्याचा अधिकार कोणाला, असा प्रतिप्रश्न बाईंनी हर्शेल यांना लिहिलेल्या पत्रात केला होता. काचेवर डाग होते हे खरेच. टीकाकार तेवढ्यापुरते चुकले नव्हते. अस्पष्टता हा निर्णय आहे की अपघात, हे त्यांनी विचारले नाही, इतकेच. आज हर्शेल यांचा १८६७ मधील तो चेहरा एकोणिसाव्या शतकातील श्रेष्ठ व्यक्तिचित्रांत गणला जातो.

उलट बाजूचे उदाहरण अर्नोल्ड न्यूमन यांचे. जर्मन उद्योगपती आल्फ्रीड क्रुप यांना युद्धकाळात सक्तीच्या मजुरांना राबविल्याबद्दल न्यूरेंबर्ग येथे शिक्षा झाली होती. १९६३ मध्ये त्यांचे छायाचित्र काढताना न्यूमन या ज्यू छायाचित्रकाराने दिवे असे लावले, की पुढे झुकलेला चेहरा भेसूर दिसावा. 'चेहरा भेसूर दिसेल असा प्रकाश टाकू नये' असे कोणतेही प्राथमिक पुस्तक सांगेल. येथे तो नियम मोडणे हेच छायाचित्राचे म्हणणे आहे. आपल्याकडेही गौतम राजाध्यक्ष यांनी टिपलेले चित्रतारकांचे उजळ, मुलायम चेहरे आणि रघु राय यांनी टिपलेल्या इंदिरा गांधी यांना एकच मोजपट्टी लावून चालणार नाही. पहिल्यात सुरकुती का नाही आणि दुसऱ्यात इतकी गर्दी का, हे दोन्ही प्रश्न गैरलागू ठरतात.

अर्थात 'हेतू' ही ढालही होऊ शकते. हललेले प्रत्येक छायाचित्र 'मुद्दाम तसे काढले' म्हणून खपविणारे महाभाग प्रत्येक बैठकीत एकदोन तरी असतात. त्यांना एवढेच विचारावे, की हे मुद्दाम असेल तर आणखी थोडे का नाही? अर्धवट अस्पष्टता चुकीसारखी दिसते. निर्णय असेल तर तो निःसंदिग्ध दिसला पाहिजे.

'चेहरा काळा आलाय'

मराठी घरांत छायाचित्र पाहताना सर्वाधिक ऐकू येणारे वाक्य हेच असावे. त्यात दोन निराळ्या गोष्टींची सरमिसळ आहे. एक तांत्रिक, चेहऱ्यावर पुरेसा प्रकाश पोहोचला नाही. दुसरी सामाजिक, माणूस सावळा आहे आणि आपल्याला तो गोरा हवा होता. लग्नाच्या स्थळासाठी मुलीचा फोटो काढणाऱ्या स्टुडिओंनी पिढ्यान्‌पिढ्या ही दुसरी मागणी पुरवली आहे. अभिप्राय देणाऱ्याने या दोहोंची फारकत करणे हे त्याचे पहिले कर्तव्य ठरते.

यामागचे यंत्रशास्त्र समजून घेण्याजोगे आहे. कॅमेऱ्यातील प्रकाशमापक समोरचे दृश्य सरासरीने मध्यम करड्या छटेचे, म्हणजे सुमारे १८ टक्के प्रकाश परत फेकणारे आहे असे गृहीत धरतो. पांढऱ्या भिंतीपुढे किंवा उजळ खिडकीपुढे माणूस बसला की मापक फसतो, एकंदर प्रकाश कमी करतो आणि चेहरा अंधारतो. उलट सावळा चेहरा चौकट भरून असेल तर मापक त्याला करड्याकडे ओढतो आणि तो नको तितका फिकट होतो. रंगीत फिल्मच्या काळात प्रयोगशाळा छपाईचे रंग जुळवण्यासाठी गोऱ्या तरुणीचे छायाचित्र असलेले कार्ड वापरीत. 'शर्ली कार्ड' या नावाने ते ओळखले जाई. कोडॅकने विविध वर्णांच्या स्त्रियांचे कार्ड काढले ते १९९० च्या दशकात. तोवर सावळ्या त्वचेतील छटा हरवणे हा छायाचित्रकाराचा दोष मानला जात राहिला.

म्हणून 'काळा आलाय' असे म्हणण्याऐवजी 'गालाची कड आणि केस एकमेकांत मिसळले आहेत, सावलीच्या बाजूला त्वचेचा पोत दिसत नाही' असे सांगावे. ही गोष्ट दुरुस्त होण्यासारखी आहे. सावळी त्वचा खुलते ती तिच्यावर पडलेल्या प्रकाशाच्या चकाकीने. बाजूला मोठी खिडकी किंवा पांढरी चादर असली की काम भागते. मूळ वर्ण तसाच राखून तपशील कसा मिळवावा, ही खरी सूचना. 'थोडं ब्राइट करा' ही सूचना पुष्कळदा माणसाचा रंगच बदलून टाकते.

जिन्यात भेटलेल्या मुलीच्या प्रश्नाचे उत्तरही येथेच आहे. खिडकीतून येणारा प्रकाश आणि आतला अंधार यांतील फरक कॅमेऱ्याला एकाच वेळी पेलत नाही. आजीला उठवण्याचीही गरज नव्हती. तिने स्वतः खिडकीच्या बाजूला जाऊन, आजीला मान किंचित वळवायला सांगितले असते, तर तोच प्रकाश अर्ध्या चेहऱ्यावरून सरकत आला असता. आजीचे ते बोळके हसू प्रकाशात आले असते, एवढे सांगायला अर्धे मिनिट पुरले असते.

अंतर, डोळे, हात

नाक मोठे दिसते ही तक्रार नाकाबद्दल असते असे वाटते. खरे तर ती अंतराबद्दल असते. चेहऱ्यातील अवयवांचे परस्पर प्रमाण कॅमेरा किती दूर आहे यावर ठरते. २०१८ मध्ये अमेरिकेतील संशोधकांनी गणित मांडून दाखवले, की सुमारे एक फुटावरून काढलेल्या छायाचित्रात नाक जवळपास ३० टक्के रुंद भासते; पाच फुटांवर हा फरक उरत नाही. तेव्हा 'चेहरा विचित्र आलाय' असे म्हणण्यापेक्षा 'दोन पावले मागे जाऊन झूम वापरून पाहा' असे म्हणणे अधिक शहाणपणाचे. ८५ मिलिमीटरच्या आसपासची लेन्स व्यक्तिचित्रांसाठी लोकप्रिय झाली, ती मुख्यत्वे याच कारणाने, की ती छायाचित्रकाराला दूर उभे राहायला भाग पाडते.

डोळ्यांबाबत तीन गोष्टी तपासाव्यात. जवळचा डोळा स्पष्ट आहे काय? बुबुळात प्रकाशाचा ठिपका आहे काय? आणि नजर कोठे लागली आहे? त्या ठिपक्याला स्टुडिओच्या भाषेत 'कॅचलाइट' म्हणतात. तो नसला की डोळे विझल्यासारखे दिसतात. नजर चौकटीबाहेर जात असेल तर त्या बाजूला थोडी मोकळी जागा हवी, हा संकेत बहुतेकांना ठाऊक असतो. तो मोडल्याने कोंडल्यासारखे वाटते, आणि कधी कधी तेच हवे असते.

पार्श्वभूमीबद्दल फार बोलण्यासारखे नाही. डोक्यातून उगवलेला विजेचा खांब आणि मानेला छेद देणारी भिंतीची रेघ ज्याला दिसत नाही, त्याला ती एकदा बोट ठेवून दाखवली की पुरते.

हात मात्र उपेक्षित राहतात. हौशी व्यक्तिचित्रात हात एक तर चौकटीबाहेर कापले जातात किंवा मांडीवर निर्जीव पडलेले असतात. चौकट बोटांच्या मध्यावर, मनगटावर वा कोपरावर संपली तर अवयव तुटल्यासारखा भासतो. दंडाच्या किंवा मांडीच्या मध्यावर संपली तर खटकत नाही. विणकराचे, सुईणीचे वा तबलजीचे छायाचित्र हातांविना काढणे म्हणजे अर्धी ओळख सांगून थांबणे होय, असे आपले मत आहे.

अंग आणि अदब

संपूर्ण मानवाकृतीच्या छायाचित्रावर बोलताना अडचण वाढते. नर्तकी असो, कोल्हापूरच्या तालमीतील पैलवान असो वा विवस्त्र मॉडेल, शरीराबद्दल बोलणे तर भाग असते, पण कोणत्या शब्दांत? आपल्या शिल्पशास्त्राने यासाठी तयार परिभाषा दिली आहे. दोन्ही पायांवर सारखा भार टाकून सरळ उभी राहिलेली आकृती समभंग. किंचित झुकलेली आभंग. मान, कंबर आणि गुडघा अशा तीन ठिकाणी वळलेली त्रिभंग. अजिंठ्याच्या पहिल्या लेण्यातील पद्मपाणी त्रिभंगात उभा आहे. 'आकृती ताठर वाटते' यापेक्षा 'भार दोन्ही पायांवर सारखा आहे, तो एका पायावर घेतला तर कंबर आणि खांदे विरुद्ध दिशांना कलतील' हे वाक्य कितीतरी अधिक शिकवून जाते. त्यात कोणाचा बांधाही निघत नाही.

'पाय आखूड आणि धड जाड दिसते' याचेही असेच आहे. छायाचित्रकार उभा राहून डोळ्यांच्या उंचीवरून, जवळून, खाली रोखून छायाचित्र काढतो तेव्हा डोके मोठे आणि पाय आखूड येतात. कॅमेरा कमरेच्या उंचीवर आणून चार पावले मागे गेले की प्रमाण सावरते. कॅमेऱ्याच्या थेट दिशेने आलेला हात खुंटल्यासारखा दिसतो; तो थोडा आडवा घेतला की त्याची लांबी परत मिळते.

विवस्त्र आकृतीसमोर बसून अभ्यास करण्याची परंपरा मुंबईच्या सर जे. जे. कला महाविद्यालयात जुनी आहे. रवी जाधव यांच्या 'न्यूड' या मराठी चित्रपटाने तेथे मॉडेल म्हणून बसणाऱ्या स्त्रीचे आयुष्य पडद्यावर आणले. २०१७ मध्ये गोव्यातील आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवाच्या भारतीय विभागातून तो वगळण्यात आला आणि २०१८ मध्ये प्रदर्शित झाला. चित्रातील स्त्रीला मुलगा आहे, घर आहे, शेजार आहे, ही साधी गोष्ट चित्रपट पाहताना ठसते. छायाचित्रांच्या बैठकीतही ती आठवणीत असायला हवी. तेथे एखाद्याने 'मॉडेल भारी आहे' असे म्हटले, तर ते छायाचित्राबद्दलचे विधान नव्हे. अध्यक्षाने ते तेथेच थांबवलेले बरे.

एकाच छायाचित्राकडे दोघे किती निराळ्या नजरेने पाहू शकतात, याचे एक हृद्य उदाहरण एडवर्ड वेस्टन यांचे आहे. १९३६ मध्ये त्यांनी कॅरिस विल्सन यांचे गुडघ्यांभोवती हात गुंफून, मान खाली घालून बसलेले विवस्त्र छायाचित्र काढले. पुढे त्यांची पत्नी झालेल्या विल्सन यांनी नंतर लिहिले, की वेस्टन यांना उजव्या हातावरची सावली कायम खटकत राहिली आणि त्यांना स्वतःला केसांचा वाकडा भांग आणि पिना. टपाल खात्याच्या अश्लीलतेच्या नियमात हे छायाचित्र बसेल काय, याची वेस्टन यांना आणखी निराळी चिंता होती. छायाचित्रकार सावली पाहतो, मॉडेल भांग पाहते. आपल्याला बहुधा यांतील काहीच दिसलेले नसते, तरी आपण मत द्यायला सरसावतो.

शब्द कोणते वापरावेत

अमेरिकन नृत्यदिग्दर्शिका लिझ लर्मन यांनी १९९० च्या सुमारास कलाकृतींवर अभिप्राय देण्याची एक पद्धत विकसित केली. ती नाट्य, नृत्य आणि दृश्यकलांच्या वर्गांत वापरली जाते. प्रथम प्रेक्षकांनी आपल्याला काय भावले, काय लक्षात राहिले ते सांगायचे. मग कलावंताने प्रेक्षकांना प्रश्न विचारायचे. त्यानंतर प्रेक्षकांनी कलावंताला प्रश्न विचारायचे. पण प्रश्नात मत लपवायचे नाही. 'इतका अंधार का ठेवलात?' हे प्रश्नाच्या वेषातील मतच आहे. 'प्रकाश ठरवताना काय मनात होते?' हा प्रश्न. शेवटी, कलावंताची परवानगी घेऊन मत. आपल्या मंडळींना ही परवानगीची पायरी जरा औपचारिक वाटेल. तिचा फायदा असा, की ज्याला त्या दिवशी फक्त प्रकाशाबद्दल ऐकायचे आहे, त्याला चौकटीवर व्याख्यान ऐकावे लागत नाही.

आधी गोड, मग कडू, पुन्हा गोड, ही सर्वत्र शिकवली जाणारी युक्ती प्रस्तुत लेखकाला फारशी पटत नाही. ऐकणारा दुसऱ्या बैठकीपर्यंत ती ओळखतो आणि स्तुती सुरू झाली की धास्तावतो. त्यापेक्षा जे चांगले आहे ते का चांगले आहे, हे सांगावे. 'छान' या शब्दाने कोणी काही शिकत नाही. 'तो हसायच्या आधीचा क्षण पकडलात, म्हणून ओठ मिटलेले असूनही चेहरा हसरा वाटतो' असे ऐकले की पुढच्या वेळी तो क्षण शोधता येतो. दोष सांगताना एकच, सर्वांत महत्त्वाचा निवडावा. सात दोष सांगितले तर सातही विसरले जातात. आणि शक्य तर तो दोष पुन्हा छायाचित्र काढताना टाळता येण्याजोगा असावा. आज हयात नसलेल्या आजोबांच्या छायाचित्रात फोकस चुकला आहे, हे सांगून काय साधणार?

ऐकणाऱ्यासाठीही एक पथ्य आहे. पहिली पाच मिनिटे समर्थन करू नये, लिहून घ्यावे. तीन अनोळखी माणसांना एकच गोष्ट खटकली तर ती नक्कीच तपासावी; एकालाच खटकली तर ती त्याची आवडनिवड असू शकते.

खुर्चीवर नसलेली व्यक्ती

डोरोथिया लँग यांनी मार्च १९३६ मध्ये कॅलिफोर्नियातील निपोमो येथे, वाटाणा तोडणाऱ्या मजुरांच्या तळावर काढलेले 'मायग्रंट मदर' हे छायाचित्र जगभरच्या वर्गांत चर्चेला घेतले जाते. मुलांनी दोन्ही बाजूंनी आईच्या खांद्यांत लपवलेले चेहरे, गालाला टेकलेला तिचा हात, कपाळावरच्या आठ्या. शिकण्यासारखे त्यात खूप आहे. कोपऱ्यात तंबूच्या खांबावर आलेला एक अंगठा लँग यांनी पुढे मूळ निगेटिव्हवरून पुसून घेतला, आणि ते योग्य की अयोग्य यावर आजही वाद होतात. त्या आईचे नाव मात्र लँग यांनी नोंदवून घेतले नव्हते. फ्लॉरेन्स ओवेन्स थॉम्सन हे नाव जगाला कळले ते १९७८ मध्ये. तेव्हा त्यांनी सांगितले, की या छायाचित्रातून आपल्याला काहीच मिळाले नाही आणि ते काढले गेले नसते तर बरे झाले असते.

चाळीस वर्षे जगाने एका अंगठ्यावर आणि आठ्यांवर मते दिली. जिचा तो चेहरा होता तिचे मत कोणी विचारले नव्हते. आता काही छायाचित्रकार व्यक्तिचित्र चर्चेला ठेवण्यापूर्वी ते समोरच्या व्यक्तीला दाखवतात आणि 'हे चारचौघांत दाखवले तर चालेल ना?' असे विचारतात. लहान मुलांच्या बाबतीत हा प्रश्न आईवडिलांना विचारायचा, आणि मूल समजत्या वयाचे असेल तर त्यालाही. रस्त्यावर टिपलेल्या अनोळखी चेहऱ्यांबाबत हे नेहमी जमत नाही. अशा वेळी निदान छायाचित्र कोठे आणि कोणत्या प्रसंगी काढले, एवढे चर्चेच्या आधी सांगण्याचा पायंडा पाडता येईल. पडद्यावरची वृद्धा कोणाची तरी आजी आहे हे आधी कळले, तर मागच्या रांगेतही आवाज थोडा खाली येतो.